भौगोलिक कारणे द्या

हारग्रीव्ह्ज साहेबांनी तक्ता पाठवलाय.
इयत्ता आठवी. भूगोल.
वर्षअखेरीस विद्यार्थ्याला काय काय यायला हवं,
प्रत्येक चौकटीत एकच वाक्य, शुक्रवारपर्यंत.

पहिल्या चौकटीत लिहिलं: नकाशा वाचता येईल.
मग चहा टाकला.
खिडकीबाहेर टॉडमर्डन,
दोन्हीकडून डोंगरांनी दाबून धरलेलं,
मध्ये नदी, कालवा, रूळ, रस्ता
एका बाकावर चौघं बसल्यासारखे
कोपराला कोपर लावून.

कऱ्हाडला आम्हाला घोरपडेबाई होत्या.
आराखड्यात नाईल भरा. निळी पेन्सिल.
रेषेबाहेर जाल तर याद राखा.
शाळेपासून दहा मिनिटांवर
कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटत होत्या.
आम्ही नाईल भरली.
तिचा उगम मी अजून झोपेत सांगेन.
पण पाणी कोणत्या महिन्यात घाटाच्या कुठल्या पायरीवर असतं
हे वर्गात एकालाच ठाऊक,
नावाड्याच्या पोराला.
तो भूगोलात नापास व्हायचा.

रोअन क्रॅबट्रीही होतो.
चाचणीत विचारलं होतं: तुमच्या घराचं स्थान सांगा.
मला हवे होते सहा आकडे.
त्याने लिहिलं,
नदीपासून सोळा पावलं.
मागच्या पुराच्या खुणेच्या दोन पायऱ्या खाली.
मी शून्य दिलं.
लाल पेन आधी चालतं,
मागून डोकं येतं, धापा टाकत.

मार्चमध्ये मुलांना वर मूरवर नेलं.
ट्रेमधून शेवाळाची रोपं, बोटाएवढी.
उघड्या काळ्या जमिनीत एकेक खोवायचं,
म्हणजे पाऊस तिथेच मुरेल,
खाली गावात धावत येणार नाही.
पलीकडचा उतार जाळलेला होता,
पक्ष्यांच्या शिकारीसाठी.
सफूराने विचारलं, मिस, हा डोंगर कुणाचा?
एका माणसाचा, म्हटलं. हंगामात येतो तो, बंदूक घेऊन.
आणि इथून खाली जातं ते पाणी?
वारा इतका होता
की ऐकू न आल्यासारखं करता आलं मला.

रोअनने त्या मऊ जमिनीत
कोपरापर्यंत हात घातला
आणि बराच वेळ काढलाच नाही.
मग म्हणाला, हे तर भिजलेल्या पावासारखं आहे.
पुढे, कुणाकडेही न बघता:
हे सगळं असं असतं ना,
तर आमचा सोफा राहिला असता.

चौकट दोन.
नदीला पूर येतो हे अर्धंच वाक्य आहे, हे कळेल.
चौकट तीन.
तळाशी उभं राहून, वर काय चाललंय ते विचारता येईल.
विचारल्यावर वारा आला तर पुन्हा विचारता येईल,
जरा मोठ्याने.
चौकट चार, राजधान्या.
येऊ देत बापड्या, राजधान्यांनी कुणाचं काय वाकडं केलंय,
असं लिहिलं.
मग खोडलं. केलंय.
चौकट पाच मी रिकामी ठेवतेय, साहेब.
घोरपडेबाईंनी एखादी ठेवली असती
तर तो पोरगा तिच्यात मावला असता.

रात्री कपाटातून रोअनचा पेपर काढला.
शाई. शून्य काही पुसलं जाईना.
म्हणून त्याच्याभोवती आणखी एक वळसा काढला,
त्याच्याबाहेर अजून एक, थोडा वाकडा,
पूर्वेकडे जवळ, पश्चिमेकडे लांब,
समोच्च रेषा असतात तशा,
आणि हळूहळू त्या शून्याची
टेकडी झाली, पूर्वेला चढ उभा.
पायथ्याशी एक ठिपका दिला.
सोळा पावलं मोजून नदी, रेषेबाहेर गेली ती जाऊ दिली.

शुक्रवारी साहेब विचारणार,
याला गुण किती धरायचे?
आणि ही नदी
समासात कशी काय आली?
भौगोलिक कारणे द्या.